सामाईक सहीचें ऋण

विवाहसंबंधास आपल्या भाषेंत ऋणानुबंध असा एक गोड शब्द आहे. पूर्वजन्मींचें कांहीं देणें राहिलें म्हणून या जन्मीं दोन जीव एकत्र आले, अशी त्यामागची कल्पना. तो बंध तुटला, दोघांनीं वेगळ्या वाटा धरल्या, म्हणजे ऋणही फिटलें, असें आपण साहजिकच समजतों. परंतु हल्लींच्या संसारांत ऋण हा शब्द केवळ अलंकारिक राहिलेला नाहीं. घर घ्यावयाचें तर वीस वर्षांचें कर्ज, मोटार घ्यावयाची तर पांच वर्षांचें, मुलांच्या शिक्षणासाठीं आणखी एक. आणि बहुतेक कागदांवर पति व पत्नी अशा दोघांच्या सह्या. संसार मोडला तरी या सह्या मोडत नाहींत. या एका गोष्टीच्या अज्ञानामुळें सुशिक्षित कुटुंबांतील माणसेंही कसे हाल भोगतात, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. आणि अशा एका प्रसंगीं चुकीचा धीर देण्याचा दोष आमच्याही पदरीं आहे. म्हणून हा लेख.

आमच्या एका स्नेह्यांची धाकटी बहीण पुण्यांत एका शाळेंत शिक्षिका आहे. तिचे यजमान बुद्धिमान व मिळवते, परंतु स्वभावानें अत्यंत हट्टी आणि संशयी. दहा वर्षें सोसून अखेर ती मुलाला घेऊन माहेरीं आली. पुढें परस्परसंमतीनें घटस्फोट घेण्याचें ठरलें. लग्नानंतर घेतलेलें घर यजमानांनीं ठेवावें, त्यावरील कर्जाचे राहिलेले सर्व हप्ते त्यांनींच भरावे, आणि तिनें घरावर कसलाही हक्क सांगूं नये, अशा अटी कुटुंब न्यायालयापुढें दाखल झाल्या व त्याप्रमाणें हुकूमनामाही झाला. त्या दिवशीं आम्हीं तिला म्हटलें, "आतां सुटलीस! मागचें सारें विसर आणि मुलाकडे पाहा." आम्हांला खरोखरच तसें वाटत होतें.

चौदा महिन्यांनीं बँकेची नोटीस तिच्या माहेरच्या पत्त्यावर आली. यजमानांनीं पांच महिने हप्ता भरलेला नव्हता. ती हुकूमनाम्याची प्रत घेऊन बँकेंत गेली. तेथील एका वयस्क अधिकाऱ्यानें तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि शांतपणें विचारलें, "बाई, यावर तुमची सही आहे, त्यांची आहे, न्यायाधीशांची आहे. बँकेची कोठें आहे?"

या प्रश्नाला तिच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आमच्यापाशींही नव्हतें.

उत्तर कायद्यांत आहे, आणि तें फार जुनें आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणें अनेकांनीं मिळून एखादें वचन दिलें असेल, तर विरुद्ध करार नसल्यास धनकोस त्यांपैकीं कोणाही एकाकडून तें संपूर्ण पुरें करून घेतां येतें. 'माझा अर्धा वांटा मी भरतें, उरलेला त्यांच्याकडून घ्या,' हें म्हणणें बँकेपुढें चालत नाहीं. ज्यानें सर्व भरलें त्यानें मग दुसऱ्याकडून त्याचा वांटा मागावा. तो वांटा सामान्यतः समसमान धरला जातो. ४४ वें कलम आणखी एक पाऊल पुढें जातें. धनकोनें एका ऋणकोस मोकळें केलें, तरी तेवढ्यानें दुसरा मोकळा होत नाहीं.

उलटपक्षीं १९५५ चा हिंदु विवाह कायदा पोटगीचा विचार करतो, मुलांच्या ताब्याचा करतो, आणि २७ व्या कलमान्वयें विवाहाच्या सुमारास उभयतांस मिळून भेट आलेल्या वस्तूंचाही करतो. पण पतिपत्नींच्या कर्जाची वांटणी करून ती सावकारावर लादण्याची तरतूद त्यांत नाहीं. बँक त्या दाव्यांत पक्षकार नसते. म्हणून हुकूमनामा पतिपत्नींना परस्परांत बांधतो. बँकेस बांधीत नाहीं.

कित्येकांना हा पाश्चात्य कायद्याचा कोरडेपणा वाटतो. परंतु आपले धर्मशास्त्रकारही याच मताचे होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणादानाचें प्रकरण आहे. पतीनें केलेलें कर्ज पत्नीनें फेडण्याचें कारण नाहीं, असा तेथें सर्वसाधारण नियम सांगितला आहे; मात्र तीन प्रकारचीं कर्जें तिनें फेडावींच लागतात. जें तिनें स्वतः पत्करलें तें, जें पतीसह मिळून केलें तें, आणि जें एकटीनें केलें तें. आजच्या कर्नाटकांतील बसवकल्याण येथें चालुक्यांची राजधानी होती त्या काळीं विज्ञानेश्वरानें या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं जी रेषा या शास्त्रकारांनीं आखली, तीच आजच्या बँकेच्या कागदावरही आहे. पत्नी म्हणून जबाबदारी नाहीं. पत्करल्यामुळें मात्र आहे. जबाबदारी नात्याची नव्हे, सहीची. हें एकदां मनांत ठसलें, म्हणजे पुढचा मार्ग बराच स्पष्ट दिसूं लागतो.

वेगळें होण्याचा निश्चय झाला, म्हणजे दागिने व भांडीं यांची यादी करण्याआधीं सह्यांची यादी करावी. प्रत्येकास वर्षांतून एकदां आपला पतअहवाल विनामूल्य मागवितां येतो. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें ही सोय १ जानेवारी २०१७ पासून आहे. अशा अहवाल देणाऱ्या चार संस्था देशांत आहेत. आपल्या नांवावर कोणतें कर्ज आहे, आपण कोठें जामीन आहों, कोणता हप्ता थकला आहे, हें त्यांत दिसतें. आपण कशाकशावर सही केली हें बहुतेकींना आठवत नाहीं. "ते म्हणाले येथें सही कर, मी केली," हें वाक्य आम्हीं पदवीधर भगिनींच्या तोंडूनही ऐकलें आहे.

यादी झाली कीं कर्जांचे प्रकार पाडावे. ज्यांत दोघें सहकर्जदार आहेत, तेथें वर सांगितल्याप्रमाणें प्रत्येकजण पूर्ण रकमेस बांधलेला. जेथें एक कर्जदार व दुसरा जामीन, तेथेंही सुटका नाहीं. १२८ व्या कलमान्वयें, विरुद्ध करार नसल्यास, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि बँकेनें आधीं ऋणकोकडेच गेलें पाहिजे असें नाहीं. जांवयाच्या धंद्यासाठीं जामीन राहिलेल्या निवृत्त सासऱ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. धंद्याच्या उचल-भरणा खात्यासारखी चालूं राहणारी हमी असेल, तर १३० व्या कलमाप्रमाणें लेखी सूचना देऊन पुढील व्यवहारांपुरती ती मागें घेतां येते. आजवर उचललेल्या रकमेची जबाबदारी मात्र उरतेच. म्हणून ही सूचना जितकी लवकर जाईल तितकी बरी.

तिसरा प्रकार एकट्याच्या सहीच्या कर्जाचा. पतीनें आपल्या एकट्याच्या नांवावर घेतलेलें कर्ज केवळ पत्नी म्हणून तिच्यावर पडत नाहीं, आणि पत्नीचें पतीवर पडत नाहीं. वसुलीचीं माणसें दाराशीं येऊन कांहींही सांगोत, कागदावर आपली सही आहे काय, एवढेंच विचारावें. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२२ मध्यें स्पष्ट केलें आहे कीं, थकबाकीच्या वसुलीसाठीं सकाळीं आठपूर्वीं किंवा सायंकाळीं सातनंतर ऋणकोस वा जामिनास दूरध्वनि करूं नये. धनादेशाविषयींही अशीच भीति घातली जाते. धनादेश न वटल्यास होणारी फौजदारी ही ज्यानें त्यावर सही केली त्याच्यावर. दुसऱ्यानें सही केली नसेल, तर केवळ कर्ज दोघांचें होतें म्हणून तो आरोपी होत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं पतिपत्नींच्याच एका प्रकरणांत दिला आहे.

चौथा प्रकार सोन्याचा. पत्नीचे दागिने गहाण ठेवून काढलेलें कर्ज घरखर्चाच्या नांवाखालीं विसरलें जातें. स्त्रीधन हें सामाईक नव्हे. तें तिचें एकटीचें आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें, आणि अडचणीच्या वेळीं पतीनें तें वापरलें तरी परत करण्याचें कर्तव्य त्याच्यावर राहतें, असें २०२४ मध्यें पुन्हां सांगितलें. तेव्हां दागिने कोठें, केव्हां व कोणाच्या सहीनें गहाण पडले, हें यादींत आलेंच पाहिजे.

आतां मुख्य प्रश्न घराचा. येथें भावना व हिशेब यांची गल्लत फार होते. 'पांच वर्षें पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले, आतां घर निम्मेंअधिक आमचें झालें,' असें अनेकांस वाटतें. एक उदाहरण घेऊं. चाळीस लक्ष रुपयांचें कर्ज, व्याज दरसाल साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षें. मासिक हप्ता सुमारें ३४,७१३ रुपये येतो. पहिल्या हप्त्यांतले २८,३३३ रुपये केवळ व्याजांत जातात, मुद्दलांत अवघे ६,३८०. दर तोच राहिल्यास पांच वर्षांत २० लक्ष ८२ हजारांवर भरणा होतो आणि तरीही सुमारें ३५ लक्ष २५ हजार देणें उरतें. म्हणजे फिटलें तें पावणेपांच लक्ष. ज्या घरासाठीं दोघें वर्षानुवर्षें भांडतात, तें घर बहुतांशीं बँकेचें असतें. हा हिशेब बँकेकडून लेखी मागवून समोर ठेवला, म्हणजे पुष्कळ भांडणांचा जोर आपोआप ओसरतो.

घराच्या कर्जांतून सुटण्याचे खरे मार्ग दोनच. पहिला, बँकेच्या संमतीनें घर विकून कर्ज फेडणें व उरलेली रक्कम वांटून घेणें. मन हळहळतें, पण याइतका स्वच्छ मार्ग दुसरा नाहीं. दुसरा, ज्यास घर ठेवावयाचें त्यानें कर्जही एकट्याच्या नांवावर घेणें. यासाठीं बँक त्याचें उत्पन्न पुन्हां तपासते. तें पुरेसें नसेल तर नवा सहकर्जदार मागते, आणि नकार देण्याचाही तिला अधिकार आहे. बँकेनें मान्य केलें, म्हणजे जुन्या कराराच्या जागीं नवा करार होतो. तोपर्यंत कांहींच झालेलें नसतें. किंवा त्यानें दुसऱ्या बँकेकडून एकट्याच्या नांवें कर्ज काढून जुनें फेडावें. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तिगत ऋणकोकडून मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांनीं घेऊं नये, असा नियम २०१२ पासून आहे.

या दुसऱ्या मार्गांत एक पथ्य जिवापाड पाळावें. कर्जांतून आपलें नांव निघाल्यावांचून घरावरील नांव काढूं नये. आमच्या त्या भगिनीनें नेमकी हीच चूक केली, आणि आम्हीं तिला थांबविलें नाहीं. घरावरचा हक्क तिनें एका सहीनें सोडला. कर्ज मात्र तसेंच अंगावर राहिलें. हक्कसोडपत्र आणि बँकेचें मुक्ततापत्र हीं एकाच दिवशीं, एकाच टेबलावर व्हावीं. हक्कसोडपत्र नोंदवावें लागतें, आणि त्यावरील मुद्रांकाचा खर्च विवाह कायम असतांना व तो संपल्यावर एकसारखाच असेल असें गृहीत धरूं नये. तें वकिलास आधीं विचारावें.

हें सर्व केव्हां करावें? हुकूमनाम्यापूर्वीं. परस्परसंमतीच्या घटस्फोटाचें १३-ब हें कलम १९७६ सालीं कायद्यांत आलें. त्यांत पहिला अर्ज व दुसरी हजेरी यांच्यामध्यें सहा महिन्यांचें अंतर ठेविलें आहे; योग्य प्रसंगीं न्यायालय तें माफ करूं शकतें, असा निर्णय २०१७ सालीं झाला. पुष्कळजण हा काळ केव्हां एकदां सरतो म्हणून कॅलेंडराकडे पाहत बसतात. आमच्या मतें कर्जें निस्तरण्यासाठीं याहून चांगला काळ नाहीं. कारण दोघांनाही अजून एकमेकांच्या सहीची गरज असते. अटींमध्यें 'हप्ते पतीनें भरावे' एवढेंच लिहून भागत नाहीं. अमुक तारखेपूर्वीं बँकेचें मुक्ततापत्र आणावें, तें दाखल झाल्यावरच दुसरी हजेरी द्यावी, आणि तसें न झाल्यास घर विकावें, असें स्पष्ट लिहावें. प्रकरण संमतीचें नसून पोटगीचा वाद असेल, तर उभयतांनीं आपली मालमत्ता व देणीं यांचें प्रतिज्ञापत्र द्यावें, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२० चा आदेश आहे. त्या प्रतिज्ञापत्रांत प्रत्येक सामाईक कर्ज, त्याची बाकी व आजवर हप्ते कोणी भरले, हें न विसरतां नमूद करावें.

पण समोरचें माणूस सरळ नसेल तर? येथेंच खरी कसोटी आहे. कांहीं माणसांचें पैशावर प्रेम नसतें. दुसऱ्यास तडफडतांना पाहण्याची त्यांना गोडी असते. स्वतःचें नुकसान सोसूनही ती हप्ता बुडवितात, कारण त्या थकबाकीच्या दोरीनें गेलेलें माणूस बांधून ठेवतां येतें. असा स्वभाव पुरुषांचाच असतो असें नव्हे. घर सोडून गेलेल्या पत्नीनें विक्रीच्या कागदावर वर्षानुवर्षें सही न दिल्यानें पिचलेले पुरुषही आम्हांस ठाऊक आहेत.

अशा माणसाशीं तोंडीं बोलणें व्यर्थ असतें. जें सांगावयाचें तें थोडक्यांत, रागाचा एक शब्द न घालतां लिहून पाठवावें, आणि पोंच जपून ठेवावी. सामाईक खातें दोघांपैकीं कोणासही चालवितां येत असेल, तर यापुढें दोघांच्या सहीवांचून पैसे काढूं देऊं नयेत असें बँकेस लेखी कळवावें. आपला बदललेला पत्ता बँकेस द्यावा. नोटीस जुन्या घरीं पडून राहिली म्हणून मुदत थांबत नाहीं. सहकर्जदार या नात्यानें खात्याचा उतारा मागण्याचा आपणांस अधिकार आहे. तो दर महिन्यास पाहावा. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला कीं खातें अनुत्पादक ठरतें, आणि मग २००२ च्या कायद्याप्रमाणें साठ दिवसांची नोटीस देऊन बँक तारणावर हात घालूं शकते. एवढें होण्याआधीं, शक्य असल्यास, थकलेला हप्ता आपण भरणें हेंच पुष्कळदां कमी खर्चाचें ठरतें. अन्याय वाटतो, आणि आहेही. पण थकबाकीचा डाग दोघांच्याही नांवास लागतो. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती ठेवावी. आपल्या वांट्याहून अधिक भरलेली रक्कम दुसऱ्याकडून वसूल करण्याचा दावा भरणा केल्यापासून तीन वर्षांच्या आंत लावितां येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर १९८७ च्या विधि सेवा कायद्यान्वयें स्त्रियांना, त्यांचें उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळूं शकतें. हें दान नव्हे, हक्क आहे. मागतांना संकोच नको.

आमच्या त्या भगिनीनें अखेर हाच मार्ग धरला. तिनें शाळेच्या पगारांतून तीन हप्ते भरले, बँकेस मुदत मागितली, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीं पुन्हां कुटुंब न्यायालयाची पायरी चढली. अकरा महिन्यांनीं घर विकलें गेलें. बँकेचें देणें फिटलें. तिचे तीन हप्ते तिला परत मिळाले. राहिलेली रक्कम, तिनें आधींच हक्क सोडला असल्यामुळें, सर्व यजमानांकडे गेली. मधल्या काळांत स्वतःसाठीं व मुलासाठीं दोन खोल्या घेण्याचा तिचा बेत त्या थकबाकीमुळें मोडला, तो अजून जुळलेला नाहीं. ती माहेरींच आहे. भाऊ-भावजय मायेचीं आहेत. तरी चाळिशींतल्या स्त्रीला माहेरच्या माजघरांत मुलाचा अभ्यास घेतांना काय वाटत असेल, तें आम्हीं लिहावयास नको.

ज्या दिवशीं बँकेचा बेबाकी दाखला मिळाला, त्या सायंकाळीं ती आमच्याकडे आली. दाखला आमच्यापुढें ठेवून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशीं म्हणालांत, तें आज खरें झालें." तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें.

मुलीच्या लग्नांत आपण याद्या करतों. कोण काय देणार, कोण काय घेणार, तें सारें लिहून काढतों. तिनें पुढें कोणत्या कागदांवर सह्या केल्या, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. सुखाच्या संसारांतही वर्षांतून एकदां, दिवाळीच्या हिशेबाबरोबर म्हणा, पतिपत्नींनीं एकत्र बसून ही यादी पाहावी. संसार नीट चालला असतांना या प्रश्नानें कोणाचा अपमान होत नाहीं. आणि दुर्दैवानें वेगळें होण्याची वेळ आलीच, तर आप्तेष्टांनीं आमच्यासारखा पोकळ धीर देऊं नये. 'सुटलीस' असें म्हणण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, "बँकेचा कागद हातीं आला का?"